गंज पेठेतले घर

(शताब्दी वारीत, पुणे मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दिंडीच्या तळावर केलेले भाषण)

विणेकरी बाबा, चोपदार, टाळकरी, पखवाजवाले, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या आमच्या आयाबहिणी आणि यंदा पहिल्यांदाच वारीला आलेली पोरं, सगळ्यांना दंडवत. जेवणं नुकतीच झाली आहेत. काल आळंदीपासून चालून पाय भरून आले आहेत. अशा वेळी भाषण ऐकायचे म्हणजे काय होते ते मला ठाऊक आहे. ज्यांना आडवे व्हायचे आहे त्यांनी खुशाल व्हावे. पडून ऐकले तरी कानात जातेच. घोरणाऱ्याला मात्र शेजारच्याने हळूच कोपर मारावे.

दिंडीला शंभर वर्षे झाली म्हणून यंदा काय काय करायचे याची गावात बैठक झाली, तेव्हा मी एक गोष्ट मांडली होती. पुण्यात आपला दोन रात्रींचा मुक्काम असतो. मधला दिवस मोकळा. त्या दिवशी कुणी नातेवाइकांकडे जाते, कुणी तुळशीबागेत जाते, कुणी कपडे धुते, कुणी नुसते झोपते. सगळे चांगलेच आहे. पण आपण उतरतो त्या भवानी पेठेच्या अगदी जवळ गंज पेठ आहे. आता तिला महात्मा फुले पेठ म्हणतात. तिथे जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांचे राहते घर आहे. सरकारने ते दुरुस्त करून, जपून, लोकांना पाहायला ठेवले आहे. शंभर वर्षे आपण त्याच्या शेजारून जातो आहोत. यंदा आत जाऊन येऊ, एवढेच मी म्हटले.

त्यावर दोन प्रश्न आले. एक जण म्हणाले, वारकऱ्याने देवळात जावे, समाधीला जावे, संग्रहालयात वारकऱ्याचे काय काम? दुसरे आमचे एक ज्येष्ठ टाळकरी आहेत. नाव घेत नाही, ते इथेच समोर बसले आहेत आणि हसताहेत. ते म्हणाले, "अरे, ते जोतिबा आपल्या देवाधर्मावर बोलणारे माणूस. त्यांच्या दारात टाळ घेऊन जायचं?" दोन्ही प्रश्न खरे आहेत. आज त्यावरच बोलायचे आहे, आणि मग निघायचे आहे.

आधी घर कसे आहे ते सांगतो, म्हणजे गेल्यावर फसवणूक वाटणार नाही. त्याला फुले वाडा म्हणतात. वाडा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दिंडी दरवाजा, दगडी बुरूज, चौसोपी बांधकाम येते. तसले तिथे काही नाही. पेठेच्या दाट वस्तीत, अरुंद रस्त्याला लागून असलेले साधे कौलारू घर आहे. लाकडी खांब, ओसरी, ठेंगण्या खोल्या, पुढे मागे अंगण. भिंतींवर या दोघांच्या आयुष्यातले प्रसंग चितारून लावले आहेत. वाचता येत नसले तरी चित्रांवरून गोष्ट कळते, म्हणून म्हाताऱ्या माणसांनी मागे राहू नये. आवारात विहीर आहे. मागच्या बाजूला तुळशी वृंदावन आहे. त्या वृंदावनाकडे मी शेवटी येतो, कारण आपल्यासारख्यांना ते घर कळायचे असेल तर तिथूनच कळते.

मी सुताराच्या घरातला. कुठल्याही घरात शिरलो की आधी वर पाहतो, तुळया कशा आहेत, खांब कशावर टेकला आहे. जुने घर नवे करणे सोपे असते. पाडायचे, स्लॅब टाकायची, फरशी घालायची, झाले. जुने घर जुनेच ठेवून उभे करणे हे मोठे कष्टाचे काम. कुजलेले लाकूड तेवढे काढायचे, बाकीच्याला धक्का लावायचा नाही. चुन्याच्या भिंतीला सिमेंट फासले तर ओल आत कोंडते आणि भिंत पोटातून खराब होते, म्हणून चुन्याला चुनाच लागतो. गावोगावच्या देवळांत आपण ऑइलपेंट आणि टाइल्स लावून काय करून ठेवले आहे ते आठवा. हे मी जाता जाता सांगितले. आपल्या गावच्या मारुतीच्या देवळाचा जीर्णोद्धार निघालाच आहे, म्हणून सांगितले.

आता जोतीरावांना चुना काय असतो हे चांगले माहीत होते. आपण त्यांना फक्त शाळा काढणारे म्हणून ओळखतो. माणूस पक्का व्यवसायी होता. बांधकामाची कंत्राटे घ्यायचा. खडकवासल्याचे धरण झाले तेव्हा त्याला लागणारा माल पुरवण्याचे काम त्यांनी केले. मांजरीला त्यांची शेती होती. मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण, मूळ आडनाव गोऱ्हे. घराणे पुण्यात येऊन फुलांच्या धंद्यात पडले आणि फुले झाले. म्हणजे देवाला हार पुरवणाऱ्या घरातला मुलगा. जन्म 1827 चा, 11 एप्रिलचा.

आता पाणी.

आपल्या घरी कुणी आले तर आपण काय करतो? आधी पाणी देतो. कोण, कुठले, कशाला आलात, हे नंतर. उन्हाचा आला असेल तर गुळाचा खडाही देतो. आजकाल मोठ्या वास्तू पाहायला गेले की दाराशी स्वागत कक्ष असतो, तिथे तिकीट देतात, माहितीचा कागद देतात. गंज पेठेतल्या या घराचे स्वागत दीडशे वर्षांपूर्वी पाण्याने झाले होते. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. वाक्य एका दमात वाचून होते. पण जरा थांबून विचार करा. उन्हाळा आहे. पुण्यासारखे शहर आहे, हौद आहेत, नदी आहे. आणि महार, मांग, चांभार यांच्या बायका घागर घेऊन उभ्या आहेत. सार्वजनिक पाण्याला हात लावायचा नाही. कुणी दयेने वरून ओतेल तर प्यायचे. अशा वेळी एक माणूस म्हणतो, माझ्या अंगणात या आणि तुमच्या हाताने भरून घ्या. "मी ओततो" असे तो म्हणाला नाही. "तुम्ही भरा" म्हणाला. फरक तिथे आहे.

त्याची किंमत काय होती? आपल्यातल्या कुणाच्याही गावात त्या काळी असे केले असते तर त्या घरचे पाणी दुसऱ्या कुणी प्यायले नसते. लग्नकार्याला बोलावणे आले नसते. जोतीरावांना ही किंमत आधीच माहीत होती. 1848 साली मुलींची शाळा काढली, पत्नीला शिकवून शिक्षिका केले, त्यापायी वडिलांचे घर सोडून दोघांना बाहेर पडावे लागले. सावित्रीबाई शाळेत जायच्या तेव्हा रस्त्यात लोक अंगावर शेण-चिखल टाकायचे. त्या पिशवीत दुसरे लुगडे ठेवायच्या. शाळेत गेल्यावर बदलायच्या आणि शिकवायला उभ्या राहायच्या. आमच्या दिंडीत आज हरिपाठाची वही हातात धरून वाचणाऱ्या बायका आहेत. माझ्या आजीला हरिपाठ सगळा पाठ होता, पण वहीतले एक अक्षर ओळखता येत नव्हते. एवढेच सांगतो.

हौद 1868 ला खुला झाला. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती 20 मार्च 1927 ला. मधे 59 वर्षे. आणि पंढरपूरचे देऊळ? आपले, आपल्या विठोबाचे? चोखोबांची समाधी महाद्वारात आहे. नामदेव पायरीच्या समोर. आपण सगळे तिथे माथा टेकतो. चोखोबांना जिवंतपणी त्या दारातून आत जाता आले नाही. त्यांच्यामागे कित्येक शतके त्यांची माणसे दाराबाहेरूनच कळसाला हात जोडून परत फिरत राहिली. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, दहा दिवस अन्न घेतले नाही, तेव्हा ते दार सगळ्यांना उघडले. गंज पेठेतल्या हौदानंतर 79 वर्षांनी. आपण वारकरी म्हणवतो, एकमेकांच्या पाया पडतो, लहानाला माउली म्हणतो. हे सगळे खरे आणि मोलाचे. पण पाण्याच्या आणि दाराच्या हिशेबात एका कौलारू घराने आपल्याला बरेच मागे टाकले होते, हे मान्य करायला हवे.

आपल्या दिंडीचेही सांगतो. आज शंभर वर्षांचा गौरव चालला आहे, तो व्हायलाच हवा. पण गौरवाच्या वहीत हेही लिहिलेले असावे. जुनी माणसे सांगत, पहिल्या काही वर्षांत दिंडीत पाण्याचे दोन डेरे असायचे. एक तंबूत, एक झाडाखाली. झाडाखालचा कुणासाठी ते सांगायची गरज नव्हती. भजनात सगळे एकत्र, एकच टाळ, एकच पखवाज, पायावर डोके ठेवणेही सगळ्यांचे. जेवणाची पंगत आली की ओळ वेगळी. ते कधी बंद झाले याची तारीख कुठल्या ठरावात नाही. कुणी भाषण केले नाही. म्हणतात, एका वर्षी दिवे घाट चढून आल्यावर झाडाखालचा डेरा फुटला आणि तेव्हाच्या विणेकऱ्यांनी दुसरा आणू दिला नाही. "आता एकच पुरे" एवढेच म्हणाले. खरे खोटे माउलीला ठाऊक. पण मला ती गोष्ट आवडते. हे छापून येणार असेल तर तशीच छापा, गाळू नका.

आता टाळकरी दादांचा प्रश्न. जोतीराव आपल्या देवाधर्मावर बोलले का? बोलले. कडक बोलले. भटभिक्षुकांवर तर बोललेच, पोथ्यापुराणांवर बोलले, संतांच्या ग्रंथांनाही त्यांनी प्रश्न विचारले आहेत. ते लपवून मी तुम्हाला तिथे नेणार नाही. 24 सप्टेंबर 1873 ला त्यांनी सत्यशोधक समाज काढला. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे त्याचे मुख्य सूत्र. जगाचा निर्माता एक आहे, त्याला ते निर्मिक म्हणत, आणि त्याची सगळी लेकरे सारखी. आता सांगा, देवाला भेटायला मधे कुणी नको, पायाने चालत गेले की तो भेटतो, या आधारावर तर आपली वारी उभी आहे. म्हणून दोन्ही एकच आहे असेही मी म्हणणार नाही. जोतीरावांना मूर्तिपूजा मान्य नव्हती. आपण विटेवरच्या मूर्तीसाठी पंधरा-वीस दिवस चालतो. फरक आहे तो आहे. पण आपल्या घरात काही दोष असेल तर तो सांगणाऱ्याला आपण दाराबाहेर ठेवतो का? थोरला भाऊ कडक बोलतो म्हणून त्याच्या घरी जायचे बंद करतो का?

आणखी एक गोष्ट, ही तर खास दादांसाठी. जोतीरावांनी पद्यरचना केली. तिला त्यांनी अखंड असे नाव दिले. वाचून पाहा, चाल अभंगाची. बोलायला काही मोठे असले की या मातीतल्या माणसाला अभंगाचीच वाट सापडते. आणि जोतीरावांच्या मित्रांत तुकाराम तात्या पडवळ नावाचे मुंबईचे गृहस्थ होते. जातिभेदावर त्यांनी पुस्तक लिहिले, त्याची दुसरी आवृत्ती काढायला जोतीरावांनी मदत केली. याच तुकाराम तात्यांनी पुढे तुकोबांच्या अभंगांची गाथा छापून लोकांच्या हाती दिली. म्हणजे जातिभेदावर पुस्तक लिहिणारा हात आणि गाथा छापणारा हात एकच होता. आपल्या घरोघरी आज गाथा आहे, ती छापखान्यातून घरापर्यंत आणणाऱ्यांत अशी माणसे होती. टाळ घेऊन जायला दादा, हरकत नसावी.

(येथे सभेत हशा झाला व ज्येष्ठ टाळकऱ्यांनी "येतो, येतो" असे सांगितले.)

त्या घरची एक गोष्ट कीर्तनात सांगण्याजोगी आहे. 1856 च्या सुमारास दोन माणसे रात्री जोतीरावांना मारायला आली. एक धोंडीराम कुंभार, एक रोडे रामोशी. पैसे देऊन कुणीतरी पाठवलेली. जोतीराव जागे झाले, विचारले, बाबांनो, मी तुमचे काय वाईट केले? ते म्हणाले, काही नाही, पण तुम्हाला मारले तर आम्हाला पैसे मिळणार आहेत. गरिबाला पैसे मिळत असतील तर मारा, असे हा माणूस म्हणाला. हत्यारे खाली पडली. नुसती खाली पडून गोष्ट संपली असती तर ती आपण पोथीतही वाचली असती. पुढे रोडे जोतीरावांच्या पाठीशी राहून रखवाली करू लागला, आणि धोंडीराम शिकला, सत्यशोधक समाजाचा आधार झाला. मारायला आलेल्याला माफ करणे हे संतांचे काम आपण ऐकले आहे. त्याला पाटी-पुस्तक देऊन विद्वान करणे हे मला तरी नवीन वाटले.

त्या घराने कुणाकुणाला जवळ केले ते पाहा. त्या काळी वरच्या म्हणवणाऱ्या जातींत कोवळ्या वयात मुली विधवा व्हायच्या, आणि त्यांचा पाय घसरला की, नाही, पाय घसरला हा शब्द मी मागे घेतो, त्यांच्यावर कुणी जबरदस्ती केली की विहीर जवळ करायच्या नाहीतर झालेले मूल मारायच्या. 1863 साली या दोघांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. या, बाळंत व्हा, मूल न्यायचे तर न्या, ठेवायचे तर ठेवा. 1874 साली काशीबाई नावाची अशीच एक विधवा आली. तिचा मुलगा यशवंत या दोघांनी दत्तक घेतला. स्वतःला मूलबाळ नव्हते, तरी लोकांनी सांगूनही जोतीरावांनी दुसरे लग्न केले नाही. यशवंतला डॉक्टर केले.

तो यशवंत आणि त्याची आई उद्या तुम्हाला वाटेत भेटणार आहेत. उद्या पालखी हडपसरवरून जाईल. 1897 साली पुण्यात प्लेग आला तेव्हा जोतीराव जाऊन सहा-सात वर्षे झाली होती. सावित्रीबाई साठी ओलांडलेल्या. यशवंतने हडपसरला ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या घरातले पोर प्लेगने पडले आहे असे कळल्यावर सावित्रीबाई गेल्या, पोराला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. त्या गायकवाडांच्या घरात पांडुरंग हे नाव होते. पोर वाचले. सावित्रीबाईंना तोच रोग लागला आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. उद्या हडपसरला नाश्त्यासाठी थांबाल, केळी-राजगिऱ्याचे लाडू हातात पडतील, तेव्हा एवढे आठवा. आणि पुढे नीरा ओलांडून आपण लोणंदला जातो ना, तो खंडाळा तालुका. सावित्रीबाईंचे माहेर नायगाव त्याच तालुक्यात. तिथेही त्यांचे घर जपून ठेवले आहे.

आता वृंदावन.

जोतीराव 28 नोव्हेंबर 1890 ला गेले. अर्धांगवायूने उजवा हात गेला होता, तरी डाव्या हाताने त्यांनी शेवटचे पुस्तक लिहिले. आपल्याला मिठात घालून घराच्या मागे पुरावे अशी त्यांची इच्छा होती. वस्तीत दफन करायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. दहन करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे कुणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद काढला, दत्तक मुलाला धरू देईनात. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवे स्वतः हातात घेतले आणि पुढे चालल्या. बाईने टिटवे धरायचे, हे 1890 साली. आजही आपल्या गावात कुणी धरू देईल का ते आपापल्या मनाला विचारा. मग त्यांनी अस्थी घरी आणल्या आणि जोतीरावांनी पुरायला सांगितले होते तिथेच, घराच्या मागे ठेवल्या. त्या जागेवर आज तुळशी वृंदावन आहे.

कर्मकांड नको म्हणणाऱ्या माणसाची आठवण तुळशीखाली आहे. लोकांनी याचे अर्थ आपापल्या परीने लावले असतील. मी मागे गेलो होतो तेव्हा आमच्याबरोबर गावची एक म्हातारी होती. तिला ना सत्यशोधक समाज माहीत, ना शाळेचे साल. ती सगळ्या खोल्यांतून न बोलता फिरली. मागे आली, तुळस पाहिली, कमरेची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "म्हंजी हे आपलंच हाय की." मग तिने आपल्या तांब्यातले पाणी त्या तुळशीला घातले. मी तिला काही समजावून सांगायला गेलो नाही.

हे घर आज उभे आहे तेही सहज नाही. फुल्यांच्या मागे कुटुंबाला फार वाईट दिवस आले, घर हातचे गेले. पुढे त्या वास्तूत सावता माळ्यांच्या नावाचे विद्यार्थी वसतिगृह चालत असे. अरणचे आपले सावतोबा! मळ्यातच ज्यांना विठोबा भेटला, त्यांच्या नावाने खेड्यातली पोरे तिथे राहून शिकत होती. ज्या घरातून शिक्षणासाठी इतके सोसले गेले त्याला याहून चांगले भाडेकरू कुठले मिळणार! नंतर सरकारने ते संरक्षित स्मारक केले, दुरुस्ती केली, आणि 1993 मध्ये राष्ट्रपती डॉ. शंकरदयाळ शर्मा यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले.

दुसऱ्या घराचे नशीब असे नव्हते. बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर, भिडे वाडा होता. मुलींची ती 1848 ची पहिली शाळा तिथे भरली. वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या, वाडा पावसात कुजत राहिला, आणि शेवटी डिसेंबर 2023 मध्ये तो पाडून टाकावा लागला. आता त्या जागी राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे. होईल, चांगलेच होईल. पण ज्या उंबऱ्यावरून त्या पहिल्या मुली आत गेल्या तो उंबरा आता कुणाला दिसणार नाही. सुतार म्हणून मला त्याचे फार वाटते. नवा उंबरा मी एका दिवसात करून देईन. झिजलेला उंबरा करता येत नाही.

म्हणून संग्रहालयात वारकऱ्याचे काय काम, या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. देहूला आपण तुकोबांची शिळा पाहतो, आळंदीला माउलींनी चालवलेली भिंत पाहतो. दगड पाहायला जात नाही, त्या दगडापाशी काय घडले ते आठवायला जातो. या घरात घडलेल्या गोष्टींना तर चमत्काराचीही जोड नाही. पाणी दिले, अक्षर शिकवले, टाकलेले पोर उचलले. आपल्यातल्या कुणालाही उद्या सकाळी करता येईल असे सगळे आहे, आणि त्याचीच मला थोडी भीती वाटते.

1888 साली पुण्यात इंग्लंडच्या राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट आला होता, त्याच्या स्वागताचा समारंभ झाला. शहरातले मोठमोठे लोक जरीचे कपडे, हिऱ्यामोत्यांचे दागिने घालून आले. जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले. आणि उठून त्या राजपुत्राला सांगितले की इथे जमलेल्या या लोकांवरून हिंदुस्थान ओळखू नका, खेड्यात जाऊन पाहा, तुमची प्रजा कशी जगते ते. हे का सांगतो? आमच्यातली काही माणसे म्हणाली, असल्या सरकारी जागी जायचे तर कपडे बरे हवेत, आमचे धोतर चिखलाने भरले आहे, लुगडी मळली आहेत. मळू द्या. त्या घरात या कपड्यांचा मान आहे.

आता निघायच्या सूचना ऐका. सगळे एकदम जाणार नाही, घर लहान आहे. पन्नास-पन्नासांच्या तुकड्या करू. पहिली तुकडी आयाबहिणींची, त्यांच्याबरोबर चोपदार. रस्ता ओलांडताना हात धरा, पालखीच्या दिवसांत पेठेत पाय ठेवायला जागा नसते. चपला दाराशी ओळीने काढा, ढीग करू नका, मागच्या मुक्कामावर तिघांच्या बदलल्या. आत मोठ्याने गजर नको, दुसरे लोकही पाहायला आलेले असतात. भिंतीला टेकू नका, चित्रांना आणि लाकडाला हात लावू नका. हजारो हातांच्या घामाने लाकूड काळे पडते. पोरांनो, खांबावर नाव कोरताना कुणी दिसले तर त्याला माझ्याकडे आणा. बुक्का आणि हळदकुंकू भिंतीवर, पुतळ्यावर लावायचे नाही. तुळशीपाशी हात जोडा, तेवढे पुरे. विहिरीत वाकून पाहू नका, म्हाताऱ्यांनी तर मुळीच नाही.

शाळेत जाणाऱ्या पोरापोरींना एक काम आहे. ज्यांना वाचता येत नाही अशा एकेका माणसाजवळ एकेकाने राहायचे आणि भिंतीवर लिहिलेले त्याला वाचून दाखवायचे. सगळे. कंटाळा आला तरी.

तांबे, बाटल्या इथूनच भरून घ्या, दोन पिंप भरलेली आहेत, एक तंबूत आणि एक त्या झाडाखाली. दोन्हीकडचे पाणी सारखेच आहे, गर्दी नको म्हणून दोन ठेवली आहेत. हरिपाठाच्या आत सगळ्यांनी परत यायचे आहे. चला, पहिली तुकडी उठा. दादा, तुमचे टाळ राहिले बघा.

राम कृष्ण हरी.